उंबरठ्यावरचा वकील आणि प्रतीक्षेचा खर्च

बोईसर स्थानकावर सकाळी दोन प्रवाह एकमेकांना छेदून जातात. एक गाडीतून उतरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे वळतो. दुसरा मुंबईच्या गाडीत उभे राहण्यापुरती जागा मिळवण्यासाठी धडपडतो. या दुसऱ्या प्रवाहात कधी कधी पांढरा सदरा व काळी पँट घातलेला एखादा तरुण किंवा तसाच पोशाख केलेली एखादी तरुणी दिसते. पिशवीत पदवीपत्राच्या व सनदेच्या छायाप्रती, एखाद्या ओळखीच्या माणसाने दिलेली चिठ्ठी आणि डबा. वडील कारखान्यात कारकून असतात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घराण्यात वकिली कोणी केलेली नसते. शंभर किलोमीटरच्या प्रवासानंतर फोर्टमधील एखाद्या चेंबरच्या दारात जे उत्तर मिळते, ते बहुधा ठरलेले असते : सध्या जागा नाही, पुढे पाहू. पुष्कळदा एवढेही उत्तर मिळत नाही. अर्ज पोचला की नाही, हेसुद्धा कळत नाही.

असे दहा-बारा अनुभव पदरी पडले की घरात निराळे बोलणे सुरू होते. मुलगा कमी पडला की काय, अशी शंका आईवडिलांच्या मनात डोकावते आणि थोड्याच दिवसांत ती मुलाच्याही मनात घर करते. अशा वेळी त्याला धीर धरण्याचा उपदेश करण्यात येतो. उपदेश चुकीचा नाही; पण तो अपुरा आहे. धीर धरण्यास पैसा लागतो, आणि हा पैसा कोणी द्यायचा हा प्रश्न वकिलीच्या व्यवसायाने आजवर बव्हंशी उमेदवाराच्या घरावर सोपवलेला आहे.

प्रथम नकाराचा अर्थ नीट लावला पाहिजे. वकिलीच्या उंबरठ्यावर मिळणारे नकार एकाच जातीचे नसतात. पहिला नकार जागेचा असतो. एका टेबलाभोवती चार खुर्च्या असतील, तर पाचवा उमेदवार कितीही बुद्धिमान असला तरी पाचवी खुर्ची निर्माण होत नाही. दुसरा नकार ओळखीचा असतो. अशिलाचे कागद व गुपिते ज्याच्या हाती द्यायची, तो माणूस कसा आहे याची ज्येष्ठ वकिलाला पारख करायची असते. परक्याविषयी त्याला काहीच माहिती नसते; म्हणून परिचिताचा मुलगा किंवा शिकत असताना उमेदवारी करून गेलेला विद्यार्थी त्याला कमी जोखमीचा वाटतो. तिसरा नकार मात्र तयारीचा असतो : मसुदा विस्कळीत, इंग्रजी कच्चे, दिवाणी प्रक्रिया संहितेची ओळख केवळ परीक्षेपुरती. यांपैकी तिसरा नकार तेवढा उमेदवाराच्या योग्यतेविषयी काही सांगतो, आणि त्यावरचा उपायही त्याच्याच हाती असतो. पहिल्या दोन नकारांवरून स्वतःची किंमत ठरवणे म्हणजे भरलेली गाडी स्थानकावर थांबली नाही म्हणून आपल्या तिकिटाविषयी शंका घेण्यासारखे आहे.

हा भेद कळला तरी खर्च सुटत नाही. रोजचा प्रवास किंवा मुंबईतील खोलीचे भाडे, पुस्तके, पोशाख आणि याहून मोठी रक्कम म्हणजे त्या काळात न मिळवलेला पगार. जागा मिळाल्यावरही पहिली दोन-तीन वर्षे हाती येणारी रक्कम पुष्कळ ठिकाणी प्रवासखर्चाला जेमतेम पुरते. येथे तारापूरच्या रहिवाशाला एक विसंगती सहज दिसावी. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात आयटीआयचा मुलगा शिकाऊ उमेदवार म्हणून लागतो, तेव्हा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये त्याला किमान विद्यावेतन द्यावे लागते. सनदी लेखापालाकडे उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्यांच्या संस्थेच्या नियमांनुसार ठरावीक किमान रक्कम मिळते. मात्र त्या शिकाऊ कामगाराचे विद्यावेतन अडले असता त्याच्या वतीने जो नवा वकील उभा राहील, त्याच्या स्वतःच्या विद्यावेतनाला असा आधार नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान वीस हजार व ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत असे परिपत्रक काढले. परंतु ती शिफारस होती, सक्ती नव्हती.

थोर पुरुषांच्या चरित्रांतून या बाबतीत जे शिकवले जाते, तेही पुन्हा एकदा तपासून पाहण्यासारखे आहे. बॅरिस्टर होऊन आलेल्या मोहनदास गांधींना मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी उभे राहिल्यावर प्रश्न सुचेना. त्यांनी खटला सोडून दिला. त्यानंतर पंचाहत्तर रुपये पगाराच्या शिक्षकाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला, तर पदवीधर नसल्याच्या कारणावरून तोही नाकारण्यात आला. ही कथा सर्वांना ठाऊक असते. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. मुंबईतील बिऱ्हाड मोडून ते राजकोटला गेले आणि तेथे अर्ज व मसुदे लिहून देण्याच्या कामावर त्यांना दरमहा सरासरी तीनशे रुपये मिळू लागले. हे काम त्यांना मिळाले ते मुख्यतः त्यांचे थोरले बंधू व बंधूंचे वकील भागीदार यांच्यामुळे. म्हणजे धैर्य त्यांचे होते. प्रतीक्षेचे भांडवल घरचे होते.

ज्याच्या घरी असे भांडवल नव्हते, त्याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९२३ मध्ये उच्चतम पदव्या घेऊन ते मुंबईला परतले, तेव्हा सनदेसाठी लागणारे पैसेदेखील त्यांना मित्र नवल भथेना यांच्या मदतीने उभे करावे लागले. उच्च न्यायालयात काम सॉलिसिटरांच्या हातून येई आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतील बॅरिस्टरला ते देण्यास सॉलिसिटर राजी नसत. हा नकार जागेचा नव्हता, तयारीचा तर नव्हताच. तो उघड अन्याय होता. बाबासाहेबांनी मुंबईबाहेरील न्यायालयांतील लहान कामेही पत्करली आणि १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या लेखाशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावला. याच काळात, १९२६ मध्ये, ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून पुण्यात चाललेल्या बदनामीच्या खटल्यात आरोपींच्या बाजूने उभे राहून त्यांनी तो जिंकला. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची वाट तर कायद्यानेच अडवलेली होती. ऑक्सफर्डची परीक्षा त्या १८९२ मध्ये उत्तीर्ण झाल्या. पण पदवी १९२२ मध्ये मिळाली आणि स्त्रियांना वकिलीची दारे उघडणारा कायदा १९२३ मध्ये झाला. तीस वर्षांच्या या प्रतीक्षेला केवळ धीराच्या अभावाचे किंवा अस्तित्वाचे परिमाण लावता येत नाही.

या उदाहरणांतून निघणारा बोध व्यवहाराचा आहे. मुख्य दार बंद असताना या माणसांनी उपजीविकेचे दुसरे साधन जवळ ठेवले, लहान कामाला कमी लेखले नाही आणि कायद्याशी असलेला रोजचा संबंध तुटू दिला नाही. आजच्या उमेदवारालाही हाच मार्ग मोकळा आहे. सायंकाळची शिकवणी, महाविद्यालयातील तासिका किंवा मसुद्यांचे भाषांतर यांत कमीपणा नाही. ओळखीअभावी येणाऱ्या नकारावरचा उतारा म्हणजे ओळखीचा दुसरा पुरावा देणे. नुसत्या गुणपत्रिकेऐवजी स्वतः तयार केलेले एखादे वादपत्र किंवा अलीकडच्या निकालाचे दोन पानी टिपण अर्जाला जोडले, तर वाचणाऱ्याला पारखण्यास काहीतरी मिळते. नकार आलाच, तर तो कोणत्या जातीचा होता याची नोंद वहीत करावी. वीस नोंदींपैकी पंधरा जागेच्या निघाल्या, तर मनावरचे ओझे बरेच हलके होते. पंधरा तयारीच्या निघाल्या, तर पुढील सहा महिन्यांचे काम ठरते.

याच ठिकाणी तारापूरच्या परिसराकडे नव्याने पाहावेसे वाटते. फोर्टच्या दारावर थकलेल्या उमेदवाराच्या मागे, त्याच्याच गावात, कायद्याचे केवढे काम पसरलेले आहे! तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. औद्योगिक वसाहतीतील प्रदूषणाची तक्रार मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली. शेजारच्या डहाणू तालुक्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. वनहक्काचे दावे, अतिवेगवान रेल्वेसाठी संपादन झालेल्या जमिनी, वाढवण बंदर, कारखान्यातील अपघातांची भरपाई, वारसनोंदी व फेरफार अशी ही यादी लांबतच जाते. पालघर, डहाणू, वसई, जव्हार व वाडा येथील न्यायालयांत उभे राहण्याची, साक्षीदार तपासण्याची व पराभव पचवण्याची संधी लवकर मिळते. फोर्टमध्ये कित्येक वर्षे फायली वाहण्यातच जातात. विधी सेवा प्राधिकरणांच्या लोक अभिरक्षक कार्यालयांत सहायकाच्या जागेसाठी फौजदारी कामाचा दीर्घ अनुभव लागत नाही आणि तेथे ठरलेले मानधन मिळते. गावी परतून काम करणे म्हणजे माघार, ही समजूत त्यामुळे तपासून घेण्यासारखी आहे.

तथापि यातून ‘मुंबईचे नाव सोडा’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. उच्च न्यायालयातील अनुभव, व्यापारी कायद्याचे काम आणि मोठी मिळकत मुंबईत एकवटलेली आहे. तारापूरच्या मुलाने तालुक्यापुरते समाधान मानावे आणि फोर्टच्या खुर्च्या फोर्टच्याच घराण्यांसाठी राहाव्यात, असे सुचवणे म्हणजे परिस्थितीला सद्गुणाचे नाव देणे होय. निवड त्याची असावी; खिशाने ती करू नये.

अलीकडच्या न्यायनिर्णयांनी या प्रश्नाला अधिक धार आणली आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सनदेसाठी कायद्यात नमूद असलेल्या साडेसातशे रुपयांहून, व अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे रुपयांहून, अधिक शुल्क राज्य परिषदांना घेता येणार नाही असे ठरवले. उंबरठ्यावरचा एक खर्च त्यामुळे कमी झाला. २० मे २०२५ रोजी मात्र त्याच न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची, २००२ मध्ये काढून टाकलेली अट पुन्हा घातली. अनुभव नसलेला न्यायाधीश पक्षकारांना महाग पडतो, हे त्यामागचे कारण सबळ आहे. परंतु ज्या शिक्षकाच्या मुलीने पदवीनंतर लगेच परीक्षा देऊन स्थिर पगार मिळवण्याचा हिशेब मांडला होता, तिच्या घराला या अटीने तीन वर्षांच्या प्रतीक्षेचे नवे बिल पाठवले. अनुभव सक्तीचा करायचा आणि त्या काळातील विद्यावेतन ऐच्छिक ठेवायचे, हा हिशेब जुळत नाही.

विद्यावेतनाची सक्ती केली तर ज्येष्ठ वकील कनिष्ठांना घेणेच बंद करतील, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. तालुक्याच्या ठिकाणी खुद्द ज्येष्ठाचीच मिळकत तुटपुंजी असते. म्हणून सगळा भार एकट्या ज्येष्ठावर न टाकता वकिलांच्या कल्याणनिधीतून व शासनाच्या अनुदानातून पहिल्या तीन वर्षांसाठी साहाय्य देण्याची व्यवस्था करणे इष्ट ठरेल. वकीलसंघांना याहून सोपी एक गोष्ट उद्या सकाळीही करता येईल : रिकाम्या जागांची यादी फलकावर लावणे आणि आलेल्या प्रत्येक अर्जाला दोन ओळींचे उत्तर देणे. स्पष्ट नकार उमेदवाराचे महिने वाचवतो. मौन ते खाऊन टाकते.

आणि घराने काय करावे? किती काळ थांबायचे व त्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवायची, हे आरंभीच एकत्र बसून ठरवावे. दोन वर्षे गेली म्हणून तिसरे घालवलेच पाहिजे असे नाही. गेलेला खर्च परत येत नाही आणि पुढचा निर्णय पुढच्या शक्यतांवरच घ्यायचा असतो. ठरलेल्या मुदतीनंतर एखाद्याने बँकेतील विधी अधिकाऱ्याची, कारखान्याच्या कामगार विभागातील किंवा सरकारी अभियोक्त्याची वाट धरली, तर तो हरला असे म्हणू नये. तोवर मात्र सायंकाळी परतलेल्या मुलाला ‘आज काय झाले?’ असे दारातच विचारण्याचा मोह आवरावा. गाडीच्या गर्दीत त्याने तो प्रश्न स्वतःला बोईसर येईपर्यंत पुष्कळदा विचारलेला असतो.