गिटारचा नाद आणि पूर्ववर्धकाची पेटी

सांगीतिक नादाचे तीन गुण मानले जातात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. उच्चनीचता तारेच्या कंपनसंख्येवर अवलंबून असते आणि लहानमोठेपणा कंपनाच्या विस्तारावर. ज्या गुणामुळे एकाच स्वरात मिळविलेली सतार व सरोद डोळे मिटूनही निराळी ओळखू येतात, तो गुण म्हणजे जाती. हे तिन्ही गुण परस्परांपासून स्वतंत्र आहेत, अशी सामान्य समजूत असते. परंतु विद्युत्-गिटार वाजविणाऱ्यांच्या पायाशी दिसणारी एक लहानशी पेटी ह्या समजुतीस बाध आणते. तिचे काम नाद मोठा करण्याचे. प्रत्यक्षात मात्र ती पुष्कळदा नादाची जातीच पालटून टाकते. गिटारवादक तिला बूस्ट पेडल म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत ती पूर्ववर्धक होय. म्हणजे मुख्य वर्धकाच्या आधी जोडलेला एक छोटा वर्धक. मोठेपणा वाढविणाऱ्या साधनाने जाती कशी बदलावी, हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून अधिक मनोरंजक आहे.

तारेपासून वर्धकापर्यंत

बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात विद्युत्-दाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. विद्युत्-गिटारच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बीचम यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी ते गिटारला यशस्वी रीतीने लावले. त्यांच्या वाद्याचे एकस्व १९३७ साली मंजूर झाले. गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक असतो व त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. ह्या जोडणीस पिकअप म्हणतात. तार कंप पावू लागली की चुंबकक्षेत्र हेलकावते आणि वेढ्यांमध्ये तारेच्या कंपनांचे अनुकरण करणारा विद्युत्-दाब उत्पन्न होतो.

हा दाब फार थोडा असतो. सामान्य वादनात तो एका व्होल्टचा दहावा भाग, तर जोरकस आघाताच्या वेळी त्याच्या काही पट भरतो. एवढ्या दाबाने ध्वनिक्षेपकाचा पडदा हलणे शक्य नाही. म्हणून वर्धकात दोन टप्पे असतात. पहिला टप्पा दाब वाढवितो. दुसरा ध्वनिक्षेपक हलविण्याइतकी शक्ती पुरवितो.

वाढीचे माप डेसिबेलमध्ये सांगतात. दाब दुप्पट झाला की ६ डेसिबेलची वाढ झाली, दसपट झाला की २० डेसिबेलची, असा हा हिशेब आहे. बूस्ट पेडल साधारणतः दहा ते वीस डेसिबेलची, क्वचित त्याहूनही अधिक वाढ देते. पेटीच्या आत पुष्कळदा एकच ट्रान्झिस्टर, काही रोधक, दोनतीन धारित्रे आणि ९ व्होल्टची एक विद्युत्-घटमाला, एवढाच संसार असतो.

मर्यादा गाठल्यावर

कोणताही वर्धक अमर्याद वाढ देऊ शकत नाही. गिटारच्या वर्धकांत फार प्रचारात असलेल्या '१२-एएक्स-७' ह्या निर्वात नलिकेचे उदाहरण घेऊ. तिच्या जाळीवर पुष्कळदा सुमारे दीड व्होल्टचा ऋण दाब ठेवलेला असतो. येणारी लहर ह्या दीड व्होल्टच्या आत हेलकावत राहिली, तर तिची विशाल आणि बरीचशी हुबेहूब प्रतिकृती बाहेर पडते. गिटारचा दाब ०.३ व्होल्ट असेल तर काहीच अडचण नाही. मध्ये २० डेसिबेलची पेटी जोडली की तोच दाब ३ व्होल्ट होतो. आता एका बाजूस जाळीत प्रवाह शिरू लागतो, दुसऱ्या बाजूस नलिका वाहणेच थांबविते, आणि गोलाकार लहरीचे माथे सपाट होतात.

लहरीचा आकार बदलणे म्हणजेच नादाची जाती बदलणे होय. सेकंदास ११० कंपनांचा शुद्ध स्वर घेतला आणि त्याचे दोन्ही माथे सारखे छाटले, तर ३३०, ५५०, ७७० अशा विषम पटींचे उपस्वर जन्मास येतात. एक माथा अधिक व दुसरा कमी छाटला गेला, तर २२० व ४४० हे सम पटींचे उपस्वरही त्यांत मिसळतात. मूळ स्वर कायम राहतो, परंतु त्याच्याभोवती नवा परिवार जमा होतो. कानास हा नाद अधिक भरीव, अधिक खरखरीत किंवा अधिक धारदार वाटतो.

ह्याच वेळी दुसरीही एक गोष्ट घडते. छेडलेल्या तारेचा नाद क्षणोक्षणी क्षीण होत जातो. पण लहर आधीच मर्यादेला भिडलेली असेल, तर ३ व्होल्टची दीड व्होल्ट होईपर्यंत बाहेर पडणाऱ्या आवाजात फारसा फरक पडत नाही. म्हणून स्वर लांबतो; गिटारचा स्वर गजाने वाजविलेल्या वाद्याप्रमाणे टिकून राहिल्याचा भास होतो. थोडक्यात, वर्धक मर्यादेच्या आत असेल तर पेटी मोठेपणा वाढविते. मर्यादेवर असेल तर ती उपस्वर व टिकाऊपणा वाढविते. पेटी तीच, फरक पडतो तो ती कोणत्या स्थितीतील वर्धकास जोडली आहे ह्याचा.

उपस्वरांनी नाद समृद्ध करण्याची ही कल्पना भारतीय वाचकास परकी वाटू नये. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर जवारी काढून व तारेखाली दोरा ठेवून हेच साधले जाते. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद असतो, ते उपस्वर नादात असू नयेत असा सर्वसाधारण नियम आहे. तंबोरा व वीणा ह्यांत मात्र तेही ऐकू येतात, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले होते. तेथे तार घोडीच्या वक्र पृष्ठभागावर टेकते व सुटते. येथे विद्युत्-लहर नलिकेच्या मर्यादेवर टेकते. साधने भिन्न, तरी दोन्हीकडे एका साध्या मर्यादेतूनच नवे उपस्वर निपजतात.

पहिल्या पेट्या

बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि मुठीत मावणारे वर्धक शक्य झाले. १९६०च्या दशकाच्या मध्यास लंडनच्या डॅलस ह्या संस्थेने रेंजमास्टर नावाची पेटी विक्रीस आणली. ती पायाने दाबण्याची नव्हती. वर्धकाच्या माथ्यावर ठेवावयाची होती. तीत ओसी-४४ हा जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर होता. तिच्या प्रवेशमार्गातील धारित्र मुद्दाम लहान ठेवलेले असल्यामुळे तीव्र कंपने पुष्कळ वाढत, मंद्र कंपने त्या मानाने थोडी. आयर्लंडचे रॉरी गॅलघर यांनी ही पेटी नावारूपास आणली. 'क्वीन' ह्या वृंदाचे गिटारवादक ब्रायन मे यांनीही अशाच प्रकारचा वर्धक वापरला. हे गृहस्थ खगोलभौतिकीचेही अभ्यासक असून त्यांना २००७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजकडून डॉक्टरेट मिळाली, ही गोष्ट ह्या संदर्भात लक्षणीय वाटते.

न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूज यांच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ह्या संस्थेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस एलपीबी-१ ही पेटी काढली. तिची जन्मकथा मजेदार आहे. नाद न बिघडविता स्वर लांबविणारे उपकरण बनविण्याचे काम रॉबर्ट मायर ह्या अभियंत्यांकडे होते. त्यांच्या नमुन्यास गिटारचा दाब अपुरा पडे, म्हणून त्यांनी त्याच्यापुढे एका ट्रान्झिस्टरचा छोटा वर्धक जोडला. मॅथ्यूज यांचे लक्ष मुख्य उपकरणावरून उडाले आणि ह्या जोडपेटीवर खिळले.

तिसरे उदाहरण आणखी निराळे आहे. इकोप्लेक्स हे चुंबकीय फितीवर नाद मुद्रित करून प्रतिध्वनी देणारे यंत्र. १९७०च्या सुमारास निघालेल्या त्याच्या ईपी-३ ह्या आवृत्तीत गिटारची लहर यंत्राच्या पूर्ववर्धकातून जात असे, मग प्रतिध्वनी चालू असो वा नसो. केवळ त्या पूर्ववर्धकामुळे नाद गोड होतो, हे वादकांच्या ध्यानी आले. एकविसाव्या शतकात निर्मात्यांनी यंत्रातील फीत वगळून नुसता पूर्ववर्धकच लहान पेटीत घालून विकावयास काढला.

मंद्र का कापावा

मोठा नाद हवा असताना रेंजमास्टरने मंद्र कंपने मागे का ठेवावीत? गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सुमारे ८२, तर सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३० असते. जाड तारांची लहर विस्ताराने मोठी असल्यामुळे मर्यादा प्रथम तीच गाठते आणि बाकीच्या स्वरांना जागा उरत नाही. परिणामी नाद चिखलासारखा होतो. छाटणीपूर्वीच मंद्र भाग थोडा कमी केला, तर छाटणी मध्य व तार भागांत वाटली जाते आणि प्रत्येक स्वर स्पष्ट राहतो.

दोन स्वर एकत्र वाजविल्यास आणखी एक अडचण येते. छाटणीमुळे त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही उमटतात. ११० व १६५ ही षड्ज-पंचमाची जोडी घेतली, तर वजाबाकी ५५ येते. हा मूळ स्वराच्या खालच्या सप्तकातील षड्जच होय, म्हणून नाद अधिक गंभीर होतो. परंतु गिटारच्या पडद्यांवरील गंधार ११०च्या जोडीस सुमारे १३८.६ भरतो, वजाबाकी २८.६ येते, आणि ती कोणत्याही षड्जाशी नीट जुळत नाही. जोरदार छाटणी करणारे वादक षड्ज-पंचमाची जोडीच अधिक पसंत करतात, त्याचे कारण हेच.

क्रम आणि केबल

एकाहून अधिक पेट्या असतील तेव्हा त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. छाटणी करणाऱ्या पेटीच्या आधी बूस्ट जोडले, तर छाटणी वाढते, आवाज मात्र विशेष वाढत नाही. तेच छाटणीच्या नंतर जोडले आणि पुढील वर्धकात वाव असला, तर नादाची जाती तशीच राहून आवाज वाढतो. वृंदवादनात एकट्याने पुढे येऊन वाजविताना वादकास बहुधा हा दुसरा क्रम उपयोगी पडतो.

पूर्ववर्धकाचा आणखी एक उपयोग सहसा लक्षात येत नाही. गिटारपासून वर्धकापर्यंतच्या केबलमध्ये स्वतःची धारिता असते. पिकअपचे प्रवर्तकत्व ३ हेन्री व केबलची धारिता ५०० पिकोफॅरड धरली, तर दोघांचा अनुनाद सुमारे ४,१०० हर्ट्झवर येतो. तेथे नादास चकाकी मिळते. केबलची लांबी दुप्पट केली की तो सुमारे २,९०० हर्ट्झवर उतरतो आणि त्यापलीकडची तीव्र कंपने झपाट्याने लोपतात. पेटी गिटारजवळ ठेवली आणि तिचा प्रवेशरोध पुरेसा मोठा असला, तर तिच्या पुढील लांब केबलचा हा परिणाम पिकअपपर्यंत पोहोचत नाही.

मात्र पेटीस सूर आणि खरखर ह्यांतील भेद कळत नाही. पिकअपने विजेच्या तारांतून टिपलेली घरघर ती स्वराइतकीच वाढविते. म्हणून मर्यादेवर वाजणारा वर्धक शांत प्रसंगी गुणगुणताना ऐकू येतो. अनुभवी वादक अशा वेळी पेटी बंद न करता गिटारवरील आवाजाची कळ उतरवितात. दाब मर्यादेच्या आत येतो आणि नाद पुन्हा स्वच्छ होतो. पेटीच्या ह्या कळी बोटांच्या आघातालाही उत्तर देतात : हलके छेडावे तर स्वच्छ, जोराने छेडावे तर खरखरीत.

कानांचा प्रश्न

हा सारा विचार केवळ आवडीनिवडीचा नाही. वर्धकाची मर्यादा गाठण्याचा जुना मार्ग म्हणजे त्याची कळ पूर्ण फिरविणे. १९६५ सालापासून लंडनच्या जिम मार्शल यांच्या कारखान्यातून १०० वॉटचे वर्धक बाहेर पडू लागले. असा वर्धक पूर्ण शक्तीने चालविणे म्हणजे वादकाच्या व श्रोत्यांच्या कानांवर मोठा भार टाकणे होय. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबेलच्या आवाजात दिवसाकाठी आठ तास घालविणे ही सीमा आहे, आणि पुढील प्रत्येक ३ डेसिबेलला हा वेळ निम्मा होतो. ह्या हिशेबाने १०० डेसिबेलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. अंतःकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

पूर्ववर्धकाने ह्या बाबतीत एक वाट खुली केली. वर्धकाचा पहिला टप्पा पेटीच्या साहाय्याने मर्यादेवर न्यावा आणि दुसरा टप्पा, स्वतंत्र कळ असेल तेथे, खाली ठेवावा. म्हणजे समृद्ध उपस्वर लहान खोलीतही, बेताच्या आवाजात मिळतात. शक्तिटप्प्याच्या छाटणीचा नाद ह्या उपायाने तंतोतंत मिळत नाही, हे खरे. परंतु शिकणाऱ्या विद्यार्थ्यास रोज तासन्‌तास सराव करावयाचा असतो, आणि त्याचे कान त्याला आयुष्यभर पुरवावयाचे असतात. नाद मोठा करण्यासाठी बनविलेली पेटी नाद लहान ठेवण्याच्याही कामी येते, हा तिचा कदाचित सर्वांत मोलाचा उपयोग होय.