दिवाळीनंतर पोपडे का सुटतात?

पाऊस ओसरला की घरोघरी रंगारी येतात. दिवाळीपर्यंत भिंती लखलखीत होतात. मग थंडी पडते, हवा कोरडी होते आणि संक्रांतीच्या आसपास जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर रंग फुगू लागतो. नखाने टोकरले की आतून पांढरा भुगा गळतो. श्रावणात धड दिसणारी भिंत कोरड्या हवेत का बिघडावी? दोष बहुधा रंगाऱ्याच्या माथी जातो. त्या बिचाऱ्याचा यात फारसा हात नसतो. हा उद्योग लोण्याचा, म्हणजे भिंतीत मुरलेल्या क्षारांचा असतो.

क्षारांना वर घेऊन येते ते जमिनीतले पाणी. वीट सच्छिद्र असते. साधी वीट 24 तास पाण्यात बुडवली आणि तिने आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी प्यायले, तरी भारतीय मानकाला ते चालते. 3 किलोच्या विटेत 600 ग्रॅम पाणी! बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते आणि नळी जितकी अरुंद तितकी चढण जास्त, हा नियम अठराव्या शतकात इंग्लंडच्या जेम्स ज्युरिनने मांडला. 1 मिलीमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढते. त्रिज्या शंभरपट कमी केली तर दीड मीटर. विटेतली आणि चुन्यातली छिद्रे बारीकच असतात.

मग ओल छतापर्यंत का जात नाही? कारण वाटेत ती हवेत उडून जात असते. समईची वात तेल ओढते आणि टोकाशी ज्योत ते संपवत राहते, तसाच हा व्यवहार आहे. खालून जेवढे पाणी येते तेवढे पृष्ठभागावरून उडाले की ओलीची रेघ थांबते, साधारण मीटरभर उंचीवर. पावसाळ्यात दमट हवेमुळे बाष्पीभवन मंदावते आणि रेघ वर सरकते. हवा कोरडी झाली की पाणी भराभर उडते, पण त्यात विरघळलेले क्षार उडत नाहीत. ते गिलाव्याच्या छिद्रांत स्फटिक होऊन बसतात. सोडियम सल्फेटचे स्फटिक तर दहा-दहा पाण्याचे रेणू पोटात घेऊन सुमारे चौपट फुगतात. त्या दाबापुढे गिलावा टिकत नाही, रंगाचे तर नावच नको. किनारपट्टीवर साध्या मिठाचीही भर पडते, कधी खाऱ्या वाऱ्याने, कधी न धुतलेल्या वाळूने. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलेच पाणी शोषून पाझरू लागते. म्हणून खालची ओल बंद केली तरी जुना खारावलेला गिलावा पुढच्या आषाढात पुन्हा ओला होतो.

अशा भिंतीवर आपण काय करतो? आतून सिमेंटचा कडक गिलावा, वर ‘वॉटरप्रूफ’ रंग, जमलेच तर कमरेपर्यंत टाईल. पाणी उडायची जागाच बंद. येणारे पाणी थांबत नाही, ते टाईलच्या वर डोके काढते किंवा पलीकडच्या खोलीत निघते. जुन्या चुन्याच्या, मातीच्या बांधकामाला हा उपाय सर्वांत घातक. चुन्याचा गिलावा वाफ बाहेर जाऊ देतो, क्षार स्वतःवर घेतो आणि गरज पडली की उतरवून नवा लावता येतो. मात्र चुना म्हणजे जादू नव्हे. तो पाणी अडवत नाही, आणि तो नीट मळणारा गवंडी आज शोधावा लागतो.

शिवाय प्रत्येक ओल खालून येत नाही. नैर्ऋत्येची झड सोसणारी साडेचार इंची भिंत, फुटलेला पाइप, न्हाणीघराचा मोडका सांधा आणि बंद खोलीत थंड भिंतीवर धरणारे दव, ही आणखी चार कारणे. हत्यार उचलण्यापूर्वी एक सोपी चाचणी करा. प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी भिंतीवर घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर दोष हवेचा, खिडक्या उघडा. भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी आतून येते आहे.

खालून चढणाऱ्या ओलीवरचा खरा उपाय जोत्याच्या माथ्यावर असतो. पुण्यातल्या जुन्या वाड्यांचे जोते काळ्या दगडाचे आणि वरचे काम विटांचे दिसते. बेसाल्ट पाणी फारसे पीत नाही. आज तिथे काँक्रीटचा पट्टा घालतात, गवंडी त्याला डीपीसी म्हणतो. तो जमिनीपासून निदान 15 सेंटिमीटर वर हवा. जुन्या भिंतीत तो नसेल तर विटांच्या सांध्यात ओळीने भोके पाडून सिलेन-सिलोक्झेनसारखी द्रव्ये सोडतात. ती छिद्रे बुजवत नाहीत, छिद्रांच्या कडांना पाण्याचा तिटकारा आणतात, आणि ज्युरिनची चढण थांबते. काम ढिसाळ झाले तर पैसे वाया. सोबत ओलीच्या रेघेच्या हातभर वरपर्यंतचा खारा गिलावा फोडायलाच हवा. भिंत वाळायला महिन्याला एक इंच असा ठोकताळा आहे. नऊ इंची भिंतीला आठवडाभरात रंग देणारा कंत्राटदार घाई करतो आहे.

काळ्या मातीतल्या पायाचे दुखणे वेगळे. तिथे ओलीपेक्षा ओलीतला फरक मारतो. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि एका कोपऱ्यात गळका नळ असला की तेवढाच कोपरा उचलला जाऊन भिंतीला तिरके तडे जातात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगवटा असलेले खांब विकसित केले. खोल काळ्या मातीत ते किमान साडेतीन मीटर नेतात, म्हणजे ऋतूंचा खेळ पोहोचत नाही तिथवर. घर आधीच उभे असेल तर पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर न्या आणि भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला मीटरभर रुंद कोबा करा.

एवढे सगळे करूनही एक गोष्ट घरमालकाच्या हातात नसते. आपल्या शहरांत जुन्या डांबरावर नवे डांबर चढते, रस्ता वर येतो आणि गल्लीतल्या बैठ्या घरांची जोती बुडतात. डीपीसी रस्त्याखाली गेली की ती असून नसल्यासारखी. यंदा तुमच्या गल्लीत डांबरीकरण निघाले, तर जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नका, असे नगरसेवकाला आणि अभियंत्याला लेखी कळवा.