राष्ट्रपतींच्या निवडणुकीत बुरोंडीचे मत

दापोलीहून दहा-बारा किलोमीटर समुद्राकडे उतरले की बुरोंडी गाव लागते. शेजारी लाडघर, समोर अरबी समुद्र, काठाला मच्छीमारांच्या होड्या. कोकणातील इतर गावांप्रमाणे इथलाही संसार दोन ठिकाणी वाटलेला. अर्धे घर गावात, अर्धे मुंबईत. शिमगा, गणपती, मे महिना आला की बंद घरांची कुलपे निघतात. सुट्टी संपली की पुन्हा लागतात.

समजा, अशाच एका घरात अठरा वर्षे पूर्ण झालेली एक मुलगी आहे. दापोलीच्या कॉलेजात जाते, वर्तमानपत्र वाचते. वडील मुंबईत नोकरीला, थोरला भाऊ नालासोपाऱ्याला खोली घेऊन राहतो, घरात आई आणि आजी. वडील सुट्टीवर आले असता ती विचारते, "बाबा, श्रीलंकेत राष्ट्रपती निवडायला सगळी जनता मत देते. मग आपल्याकडे आपण का नाही देत?"

बाबा म्हणतात, "अगं बाय, ते काम आमदार-खासदारांचं. आपला तिथं काय संबंध?"

वाचकहो, हे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात दिले जाते. परंतु ते अर्धेच खरे आहे. आणि राहिलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळेच आपले कित्येक तरुण मतदानाच्या दिवशी घरी बसतात.

एका आमदाराची १७५ मते

राज्यघटनेच्या ५४ व्या कलमानुसार राष्ट्रपतींची निवड संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात. परंतु प्रत्येक सदस्याचे मत एक म्हणून मोजले जात नाही. त्या मताला लोकसंख्येप्रमाणे मूल्य असते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५ होती. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागायचे आणि आलेल्या संख्येला पुन्हा एक हजाराने भागायचे. उत्तर येते १७५. म्हणजे महाराष्ट्राचा एक आमदार राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देतो, तेव्हा त्याची १७५ मते धरली जातात. २०२२ च्या निवडणुकीत एका खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते, आणि देशभरातील सर्व मतांचे मिळून मूल्य १० लाख ८६ हजार ४३१ होते.

आता हा हिशोब बुरोंडीपर्यंत आणू. बुरोंडी दापोली विधानसभा मतदारसंघात आणि रायगड लोकसभा मतदारसंघात मोडते. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हेही मंडणगड तालुक्यातले, म्हणजे याच दोन्ही मतदारसंघांतले. दापोलीच्या आमदाराची ती १७५ मते आणि रायगडच्या खासदाराची ती ७०० मते त्यांना कोणी दिली? बुरोंडीच्या, आंबडव्याच्या, हर्णैच्या, दाभोळच्या मतदारांनी दिली. राष्ट्रपती भवनाच्या पायरीला आपल्या वाडीतला दगड लागलेला आहे. तो आपण लावला नाही, तर दुसरे कोणी आपल्या मर्जीचा दगड लावतील.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी पदाची शपथ घेतली. पाच वर्षांच्या हिशोबाने पुढील निवडणूक २०२७ ची. विधानसभा मुदतभर चालली तर २० नोव्हेंबर २०२४ रोजी आपण निवडलेले आमदारच त्या निवडणुकीत मत देणार. तेव्हा त्या दिवशी ज्या तरुणाने मतदान केले, त्याने २०२७ च्या राष्ट्रपतीसाठीही आपला वाटा उचलला. जो घरी राहिला, त्याने दोन्ही हक्क एकाच दिवशी सोडले.

थेट निवडणूक का नाही?

मुलीचा प्रश्न नवा नाही. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी हाच आग्रह धरला होता, की राष्ट्रपती प्रौढ मतदारांनी थेट निवडावा. बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले. एवढ्या मोठ्या देशात एका पदासाठी अशी निवडणूक घेण्यास लागणारी यंत्रणा कोठून आणायची, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. आपल्या घटनेतील राष्ट्रपती हा राज्याचा प्रमुख आहे, राज्यकारभाराचा नव्हे. कारभार मंत्रिमंडळाने करायचा आणि मंत्रिमंडळाने लोकसभेला जबाब द्यायचा. म्हणून जनतेचे थेट मत कारभाऱ्यांना निवडणाऱ्या सभागृहासाठी राखले गेले.

श्रीलंकेची रीत वेगळी. तेथे राष्ट्रपतीच्या हाती प्रत्यक्ष कारभार असतो आणि जनता त्याला थेट निवडते. २०२२ साली महागाई आणि टंचाईने गांजलेली तेथील तरुण पिढी रस्त्यावर उतरली आणि राष्ट्रपतींना देश सोडून जावे लागले. पण तरुण एवढ्यावर थांबले असते तर काय हाती लागले असते? २१ सप्टेंबर २०२४ च्या राष्ट्रपती निवडणुकीत तेथील सुमारे ७९ टक्के मतदारांनी मतदान केले. २०१९ च्या निवडणुकीत जेमतेम तीन टक्के मते मिळालेले अनुरा कुमारा दिसानायके या वेळी निवडून आले. रस्त्यावरचा राग मतपेटीत उतरला, तेव्हा सत्ता बदलली. रीत थेट असो वा अप्रत्यक्ष, उत्साहाचे मोल मतदान केंद्रावरच ठरते.

हा हक्क फुकट आलेला नाही

आजच्या अठरा वर्षांच्या मुलीला मताचा हक्क वाढदिवसाबरोबर मिळतो. तिच्या पणजोबांना तो मिळत नव्हता. इंग्रजांच्या काळात मत द्यायला जमीन, शेतसारा, शिक्षण अशा अटी असत. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला मत कोठून? २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि अस्पृश्यांना मताचा हक्क व स्वतःचे प्रतिनिधी मागितले. तेव्हा त्यांचे वय २७ होते. आपल्या तरुणांनी हे वय लक्षात ठेवावे. पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत असावे, अशी मागणी केली.

त्या मताचा उपयोग काय, हे रत्नागिरी जिल्ह्याला कोणी सांगायला नको. १९३७ च्या निवडणुकीनंतर बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकरी मुंबईत मोर्चाने विधिमंडळावर गेले. ते विधेयक तेव्हा पास झाले नाही. परंतु प्रश्न सभागृहात पोहोचला तो पोहोचलाच, आणि स्वातंत्र्यानंतर खोती रद्द करणारा कायदा झाला. खोताच्या शेतात राबणाऱ्या कुळाचे गाऱ्हाणे सभागृहात नेण्याचे बळ मतात होते.

घटनेने १९५० मध्ये सर्वांना सारखे मत दिले, पण वयाची अट २१ होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने ती १८ वर आणली आणि २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली. आज जे पन्नाशी ओलांडून गेले आहेत, तेच त्या वेळचे पहिले अठरा वर्षांचे मतदार. त्यांनी आपल्या मुलांना पहिल्या मतदानाची आठवण सांगावी.

आणि एक आठवण राष्ट्रपतींचीही सांगावी. के. आर. नारायणन केरळातील गरीब दलित कुटुंबात जन्मले आणि १९९७ साली देशाचे राष्ट्रपती झाले. पदावर असताना राष्ट्रपतीने सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करण्याची प्रथा नव्हती. १६ फेब्रुवारी १९९८ रोजी नारायणन राष्ट्रपती भवनाच्या आवारातील शाळेत गेले, सामान्य नागरिकाप्रमाणे रांगेत उभे राहिले आणि लोकसभेसाठी मत दिले. ज्यांना लोकांच्या प्रतिनिधींनी निवडले, ते स्वतः लोकप्रतिनिधी निवडायला रांगेत उभे राहिले. मग आपल्याला रांगेचा कंटाळा का यावा?

अडते कोठे?

आपल्या तरुणांत उत्साह नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रचारफेरीत ते पुढे असतात, जयंतीच्या मिरवणुकीत असतात, मोबाईलवर रात्र-रात्र वाद घालतात. अडते ते यादीपाशी. मार्च २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने लोकसभेची घोषणा केली, तेव्हा देशात पहिल्यांदा मत देणारे सुमारे १ कोटी ८२ लाख मतदार नोंदलेले होते. १८-१९ वर्षांच्या मुलामुलींची संख्या मात्र अंदाजे पाच कोटींच्या घरात. म्हणजे दहांपैकी सहा जणांचे नावच यादीत नव्हते. नाव नाही त्याच्या उत्साहाला मतदान केंद्रावर कोण विचारतो?

कोकणात याला आणखी एक कारण जोडले जाते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. पुरुष पोटासाठी बाहेर गेलेले. आता त्या घरातला थोरला भाऊ पाहा. त्याचे नाव गावच्या यादीत आहे, राहणे नालासोपाऱ्याला. मतदानाच्या दिवशी गाडीभाडे परवडत नाही, म्हणून तो गावी येत नाही. आणि तेथे नाव नाही, म्हणून तेथेही मत देत नाही. यादीत तो आहे, मतदानात तो नाही. कित्येक जण दोन्हीकडे नावे ठेवतात. तो मार्ग चुकीचा. कायद्याने एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी असू शकते, आणि खोटे प्रतिज्ञापत्र दिल्यास शिक्षा होते.

मुलींची गोष्ट तर वेगळीच. लग्न झाले की माहेरच्या यादीतील नाव कोणीतरी काढते, सासरच्या यादीत घालायचे मात्र राहून जाते. सून घरात येते, रेशनकार्डावर चढते, आणि मतदार म्हणून नाहीशी होते. हे थांबले पाहिजे.

घरात करण्याची कामे

ही कामे मोठी नाहीत. मुलगा किंवा मुलगी १७ वर्षांची झाली की नावनोंदणीचा अर्ज आगाऊ देता येतो. पूर्वी १ जानेवारीची एकच तारीख धरली जाई; २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. नवीन नावासाठी नमुना ६ भरावा. पत्ता बदलला, लग्न होऊन सासरी आली, कामासाठी कायम मुंबईला गेला, तर नमुना ८ भरावा. वाडीसाठी नेमलेले मतदान केंद्र अधिकारी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारावे. १९५० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते. आणि मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, हे मुंबईतील मुलांनी मालकापुढे बिनधास्त सांगावे.

महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने एक रविवार यासाठी द्यावा. विहारात वंदना झाल्यावर यादी मोठ्याने वाचावी. कोणाचे नाव आहे, कोणाचे गेले, कोणती सून राहिली, कोण वारले तरी यादीत आहे, हे वाडीला जेवढे ठाऊक असते तेवढे कोणत्याही कचेरीला नसते. यात पक्षाचा प्रश्न नाही. मत कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पैसा, दारू आणि भावकीचा दबाव यांना बळी न पडता ठरवावे, इतकेच.

२०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. २०१९ ला ते ६१ टक्क्यांच्या आसपास होते. वाढ झाली ही आनंदाची गोष्ट. पण शंभरातले चौतीस तरीही राहिलेच. त्या चौतिसांत आपल्या घरातले किती, हे प्रत्येक कुटुंबाने मोजावे.

बुरोंडीच्या त्या मुलीला तिच्या बाबांनी आता पुरे उत्तर द्यावे. सांगावे, "बाय, राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तुझंही मत आहे. ते आपल्या आमदार-खासदाराच्या हातून जातं. म्हणून तो आमदार, तो खासदार नीट पारखून निवड. आणि आधी तुझा अर्ज भरू, दादाचंही नाव राहत्या ठिकाणी लावून घेऊ." मुंबईची गाडी सुटण्याआधी तेवढे एक काम झाले, तर ती सुट्टी सार्थकी लागली असे समजावे.