दिवे घाटातला मंगळ

पुण्यात इमारतीचा पाया खणायला घेतला की आठ-दहा फुटांवर जेसीबी कुरकुरायला लागतो. मग ब्रेकर येतो आणि गल्लीची दुपारची झोप संपते. पायाखालच्या या दगडाबद्दल पुणेकराचं ज्ञान साधारण इथेच थांबतं: तो काळा आहे, कठीण आहे आणि बिल्डर त्याच्या नावाने खर्च वाढवून सांगतो. विहीर खणणाऱ्याला याहून जास्त कळतं. मुरूम कुठे संपला, मांजऱ्या कुठे लागला, काळा पाषाण कुठून सुरू झाला, हे तो पहारेच्या आवाजावरून सांगतो. भूशास्त्रज्ञाचा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस. हा रस इथे पोचला कसा? पुराच्या पाण्यासारखा धावत आला, की गोगलगायीच्या चालीने फुगत फुगत? पुण्यातल्या काही अभ्यासकांची उमेदीची वर्षं या एका प्रश्नात गेली. तो प्रश्न पुढे थेट मंगळावर जाऊन पोचतो.

या दगडाकडे शास्त्रीय नजरेने पाहणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी एक म्हणजे कर्नल विल्यम साइक्स. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी जमवायच्या कामावर नेमलं. पिकं, जनावरं, पक्षी, पाऊस असं सगळं टिपत, वायुभारमापकाने डोंगरांची उंची मोजत तो फिरला. इथल्या भूरचनेवरचा त्याचा निबंध १८३६ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. एकावर एक आडवे थर, मैलोन् मैल तसेच गेलेले, हे त्याला स्पष्ट दिसलं होतं. या थरांना लावलेला ‘ट्रॅप’ हा शब्दच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. त्यानंतर दीडशे वर्षं भूशास्त्रज्ञांनी प्रामुख्याने या पायऱ्याच मोजल्या. त्याला नावं ठेवायची गरज नाही. आज उरलेलाच पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा, तेव्हा पायऱ्या मोजणं हेही एका आयुष्यात न उरकणारं काम होतं.

१९७० च्या सुमारास जॉर्ज वॉकर या ब्रिटिश ज्वालामुखीतज्ज्ञाने एक महत्त्वाचा भेद पुढे आणला: काही पायऱ्या म्हणजे अखंड एक प्रवाह, तर काही म्हणजे छोट्या छोट्या जिभांची एकावर एक रचलेली चळत. नंतर १९८० च्या दशकात रसायनशास्त्राची लाट आली. घाटाघाटांतून नमुने गोळा झाले, त्यांतल्या मूलद्रव्यांवरून थरांची कुळं लावली गेली आणि त्यांना गावांची नावं मिळाली: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एखाद्या ट्रेकिंग क्लबचं वर्षभराचं वेळापत्रक वाटावं अशी ही यादी जगभरच्या शोधनिबंधांत छापली जाते. पण रसायनावरून फक्त कूळ कळतं, चाल नाही. कोण कोणाचा भाऊ हे समजलं, तरी तो घरात कसा शिरला ते समजत नाही.

चालीचं कोडं उलगडायला हवाईची मदत झाली. तिथला किलाउएया ज्वालामुखी आपल्या डोळ्यांदेखत लाव्हा ओततो. त्याच्या प्रवाहांचे दोन मुख्य प्रकार, आणि नावंही तिथल्या लोकांचीच: गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्यांचा तो पाहोइहोइ आणि खडबडीत, चालताना पाय सोलून काढणारा तो आआ. केन हॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोजमापं देऊन दाखवलं, की सपाट जमिनीवर जेमतेम फूटभर जाडीची पाहोइहोइची जीभ पुढे सरकते, तिच्यावर कातडी धरते, आणि मग आतून येत राहिलेला रस त्या कातडीला वर उचलत राहतो. तव्यावरची भाकरी फुगते ना, तसं. फरक इतकाच, की भाकरीत वाफ असते आणि इथे हजार अंशांच्या वरचा रस. एखाद्या जागी आतला दाब वाढला तर कातडी कुबडासारखी उंचावते, माथ्यावर फाटते आणि भेगेतून आतला लगदा वर येतो. त्या उंचवट्याला ट्युम्युलस म्हणतात.

असे उंचवटे आपल्याकडे असतील का, हे बघायला पुण्याची मंडळी बाहेर पडली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले रेमंड दुराईस्वामी, त्यांच्यासोबत निनाद बोंद्रे, गौरी डोळे, विवेक काळे. पश्चिम दख्खनमधल्या ट्युम्युलसवरचा त्यांचा निबंध २००१ मध्ये ‘बुलेटिन ऑफ व्होल्कॅनॉलॉजी’त आला. २००३ मध्ये कातडीच्या लाद्या होऊन उलथलेल्या पाहोइहोइवर, २००४ मध्ये प्रवाहांच्या एकूण घडणीवर, २००८ मध्ये माथ्यावर डबराचा ढीग घेऊन चाललेल्या प्रवाहांवर आणि २०१४ मध्ये पाहोइहोइ आणि आआ यांच्या मधल्या अवस्थांवर निबंध आले. मथळे रुक्ष आहेत. काम मात्र पायांनी केलेलं आहे.

ते काम म्हणजे काय, ते सिंहगडाच्या रस्त्यावर किंवा कात्रजच्या जुन्या घाटात तासभर उभं राहिलं की कळतं. कापलेल्या कड्याशी नाक भिडवायचं. प्रवाहाच्या तळाशी बोटाएवढ्या उभ्या पोकळ्यांची रांग दिसली, तर त्या वायूच्या नळ्या. त्या एका बाजूला कलल्या असतील तर रस त्या बाजूला सरकत होता. वर सरकलं की मधला गाभा लागतो. तो घट्ट, बिनबुडबुड्यांचा असतो आणि पाथरवटाला तोच आवडतो. त्याच्याही वर बुडबुडे पुन्हा सुरू होतात, आणि ते थराथरांनी. म्हणजे कवच एका दमात थिजलं नाही. आतून रस येत होता, वरून कवच जाड होत होतं. काही ठिकाणी माथ्यावर कवचाऐवजी नुसता तुटका भुगा, आणि त्यावर वीतभर किंवा त्याहून जाड तांबडा पट्टा असतो. तो पट्टा पुढचा प्रवाह येण्याआधीच्या निवांत काळाची खूण आहे. त्या काळात राखेची आणि दगडाची माती होत होती. फोटो काढायला थांबणारे याच तांबड्या पट्ट्याला टेकून उभे राहतात.

आता मंगळ. लॅझ्लो केस्थेली हे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले शास्त्रज्ञ. हवाईतल्या फुगणाऱ्या लाव्हाची कल्पना दख्खनला लावून पाहणारा निबंध त्यांनी स्टीफन सेल्फ आणि थॉर थॉर्डरसन यांच्यासोबत १९९९ मध्ये लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांची नजर मंगळाच्या लाव्हा मैदानांवर गेली. तिथल्या प्रवाहांचा पृष्ठभाग बर्फाच्या तुटक्या लाद्यांसारखा दिसतो. २००५ मध्ये एका युरोपीय गटाने ‘नेचर’मध्ये लिहिलं, की मंगळाच्या विषुववृत्ताजवळ गोठलेला समुद्र आहे. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? पण २००६ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराईज कॅमेऱ्याने एका पिक्सेलला सुमारे ३० सेंटिमीटर इतकी बारीक चित्रं टिपायला सुरुवात केली, आणि २००७ मध्ये केस्थेली ज्यात होते त्या गटाने ‘सायन्स’मध्ये जवळच्याच अथाबास्का खोऱ्याबद्दल दाखवून दिलं, की तिथे बर्फ नाही. ते खोरं लाव्हाने माखलेलं आहे. त्या लाद्या म्हणजे तुटून तरंगलेली लाव्हाची कातडी. आइसलंडमध्ये १७८३ साली फुटलेल्या लाकीच्या लाव्हात असाच तुटक्या कवचाचा माथा सापडतो. दख्खनमध्येही सापडतो.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट अशी. मंगळावरचा लाव्हा आपल्याला वरून दिसतो, पण कापून बघता येत नाही. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची मूळ कातडी बहुतेक ठिकाणी पुढच्या प्रवाहाखाली गाडली गेली किंवा झिजून गेली, पण घाटांनी आणि खाणींनी त्याचं पोट उघडं केलं आहे. एका ग्रहावर चेहरा, दुसऱ्यावर आतडी. दोन्ही एकाच रोग्याची म्हणून वाचणारा वैद्य म्हणजे हा भूशास्त्रज्ञ. पुण्याच्या मंडळींनी हौस म्हणून दगड मोजले नाहीत, ते या अर्थाने.

ग्रहांशी आपलं दुसरं नातं लोणारच्या विवराचं, आणि ते जास्त प्रसिद्ध. बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या दगडात, उल्केच्या आघाताने झालेली इतकी शाबूत विवरं पृथ्वीवर जवळपास नाहीतच. म्हणून चंद्र-मंगळाचे अभ्यासक बुलढाण्यात येतात. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते ज्वालामुखीचं मुखच आहे असं दीर्घकाळ मानलं जाई. १९७३ मध्ये कर्ट फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी आघाताने बदललेला बेसॉल्ट दाखवला आणि वाद मिटला. त्या दगडात मॅस्केलिनाइट नावाची काच आहे. फेल्डस्पार या खनिजाला इतका जबर तडाखा बसतो, की न वितळता त्याची काच होते. ही काच पहिल्यांदा ओळखली गेली ती १८६५ मध्ये बिहारात शेरघाटी इथे पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आली होती! विवराचं वय मात्र अजून भांडणाचं आहे. एक पद्धत सुमारे ५० हजार वर्षं सांगते, दुसरी ५ लाख ७० हजार. २०२० च्या जूनमध्ये विवरातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागचे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव दाखवले. ती बातमी मॅस्केलिनाइटपेक्षा शंभरपटीने वाचली गेली असेल.

हा अभ्यास पाण्यापर्यंतही येतो. पाहोइहोइच्या चळतीत भेगा आणि पोकळ्या कुठे जोडलेल्या आहेत, यावर बोअरला पाणी लागणार की नुसती धूळ उडणार, हे ठरतं. पुण्याच्या ॲक्वाडॅम या संस्थेने हिमांशू कुलकर्णी यांच्या पुढाकाराने बेसॉल्टमधल्या भूजलाचं हेच व्याकरण गावोगावच्या लोकांना शिकवलं. बावधनचा झरा असाच एका थराच्या कडेशी फुटतो. वाघोलीच्या खाणींतून निघालेले कॅव्हनसाइटचे निळेभोर स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. तेही याच लाव्हाच्या पोकळ्यांत वाढलेले. खडी फोडणाऱ्या वडाराच्या हातून ते आधी गेले, हे संग्रहालयातल्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

पालखी मार्गासाठी दिवे घाट रुंद होतो आहे. सुरुंगाने डोंगर कापला जातो तेव्हा भूशास्त्रज्ञाला दुःखही होतं आणि लोभही सुटतो, कारण अशा ताज्या कापावर ना शेवाळ असतं ना धूळ. पण पुढे दरड रोखण्यासाठी जाळ्या आणि सिमेंटचा गिलावा येतो, आणि पान मिटतं. या सुट्टीत सासवडकडे निघालात तर घाटाच्या वर गाडी सुरक्षित जागी लावा. सगळे मस्तानी तलावाकडे तोंड करून उभे असतील. तुम्ही पाठ फिरवा आणि डोंगराकडे बघा. तांबडा पट्टा शोधा, त्याच्याखालचा भुगा शोधा, तळाशी बोटाएवढ्या नळ्या आहेत का बघा. सोबत लहान मूल असेल तर त्याला तिथे बोट लावू द्या.