हनोईचे पत्र : जिंकलेल्यांचे दुःख

व्हिएतनामी कादंबरी म्हटली की बाहेरच्यांना युद्ध हवे असते, आणि तेही बहुधा अमेरिकेत बसून लिहिलेले. व्हिएत थान्ह न्गुयेन यांना २०१६ साली पुलित्झर मिळाले ते इंग्रजी कादंबरीला. इथल्या भाषेत, इथेच राहून लिहिणाऱ्यांची कहाणी निराळी आहे आणि मला ती अधिक मोलाची वाटते.

१९८६ मध्ये ‘दोई मोई’ हे सुधारणांचे धोरण आले. पुढच्या वर्षी कम्युनिस्ट पक्षाच्या सरचिटणीसांनीच लेखकांना मोकळेपणाने लिहायला सांगितले. लेखकांनी ते जरा जास्तच मनावर घेतले. लेखक संघाच्या ‘वान न्घे’ साप्ताहिकात न्गुयेन हुई थिएप यांची निवृत्त सेनापतीची कथा आली. युद्ध जिंकून घरी आलेल्या या म्हाताऱ्याला दिसते काय, तर प्रसूतिगृहात डॉक्टर असलेली सून तिथले गर्भ आणून शिजवून घेते आणि विकायला पाळलेल्या कुत्र्यांना खाऊ घालते. छापणाऱ्या संपादकांना १९८८ संपता संपता पद सोडावे लागले.

बाओ निन्ह स्वतः उत्तरेच्या फौजेतले सैनिक. त्यांची ‘युद्धाचे दुःख’ ही कादंबरी पहिल्यांदा आली ती प्रेमकथेला शोभेल अशा दुसऱ्याच नावाने. विजयाला दुःखाचे नाव कसे द्यायचे, ही अडचण होती. १९९१ मध्ये लेखक संघाने तिला पुरस्कार दिला, मग टीकेचे मोहोळ उठले आणि बरीच वर्षे ती पुन्हा छापली गेली नाही. तोवर इंग्रजी भाषांतराच्या चोरट्या प्रती हनोईच्या रस्त्यांवर पर्यटकांना विकल्या जात होत्या! लेखिका झुओंग थू हुओंग यांना तर १९९१ मध्ये सात महिने खटल्याविना कोठडीत काढावे लागले. आज त्या पॅरिसमध्ये असतात.

आता खासगी प्रकाशक आहेत, पुस्तकेही देखणी निघतात. परवाना मात्र सरकारी प्रकाशनगृहाच्या नावानेच मिळतो, त्यामुळे प्रत्येक पुस्तकाला असा एक भागीदार शोधावा लागतो.

तरीही लेखक संपले नाहीत. दक्षिण टोकाच्या का माऊ प्रांतातल्या न्गुयेन न्गोक तू यांनी मेकाँगच्या कालव्यांवर बदके घेऊन भटकणाऱ्या बापलेकरांची उघडीवाघडी कथा लिहिली. २००६ मध्ये प्रांताच्या प्रचार विभागाने त्यांच्यावर ठपका ठेवला. वाचक त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्याच वर्षी लेखक संघाने त्याच पुस्तकाला पुरस्कार दिला. त्या अजूनही का माऊतच लिहितात.