सपाटीवरचा एक मैल

महाड-पोलादपूरकडच्या माणसाला ‘तुमचं हृदय कितपत तंदुरुस्त आहे?’ असं विचारलं, तर तो डोंगराकडे बोट दाखवतो. रायगडाच्या चौदाशेवर पायऱ्या चढून आलो, आणखी काय तपासायचं? पण चढ हे माप नव्हे. पायऱ्या सारख्या नसतात, मध्ये थांबून ताक प्यायलं जातं, आणि दम कुठे लागला हे उतरेपर्यंत आठवतही नाही. मापाला सपाट जमीन हवी.

अमेरिकेत १९८७मध्ये मांडलेली ‘रॉकपोर्ट’ चाचणी त्यासाठी मला सर्वांत सोयीची वाटते. एक मैल, म्हणजे १,६०९ मीटर, न पळता होईल तितकं झपझप चालायचं. मैदानावर दोनशे मीटरची फेरी आखली तर आठ फेऱ्या आणि वर नऊ मीटर. महामार्गाच्या कडेने मात्र नको. पोचल्या पोचल्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दोन बोटं टेकवायची. अंगठ्याने नाडी पाहू नये. त्याचे स्वतःचेच ठोके लागतात. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, तेही लगेच, कारण थांबल्यावर नाडी भराभर उतरते.

आता हिशेब. १३२.८५मधून किलोतल्या वजनाची ०.१७ पट, वयाची ०.३९ पट, लागलेल्या मिनिटांची ३.२६ पट आणि नाडीची ०.१५७ पट वजा करायची. पुरुष असेल तर ६.३ मिळवायचे. पंचेचाळिशीचा, ७० किलोचा पुरुष १५ मिनिटांत मैल चालला आणि नाडी १३० भरली, तर उत्तर सुमारे ४० येतं. शरीर मिनिटाला, दर किलो वजनामागे, जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतं, त्याचा हा अंदाज. कसलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याच वेगाला त्याला कमी ठोके पुरतात.

हे सूत्र ३० ते ६९ वयाच्या अमेरिकी माणसांवरून बेतलेलं आहे. म्हणून आकडा शेजाऱ्याशी ताडू नका, आपल्याच मागच्या आकड्याशी ताडा. कोकणातल्या दमट उकाड्यात नाडी उगीच चढते, तेव्हा जागा तीच आणि वेळ पहाटेचीच ठेवा.

बोटं, घड्याळ आणि वही यांचं मोल महाड तालुक्याला नवं नाही. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, धाप टिपली, आणि विष हृदयावर कसा घाला घालतं ते जगापुढे मांडलं.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल चालू असेल, तर नाडी गोळीनेच दबलेली असते. तिथे हे सूत्र फसतं. चालताना छातीत दुखलं, भोवळ आली, तर तिथेच बसा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ज्यांना मैल झेपत नसेल त्यांच्यासाठी करोनाकाळात घरोघरी पोचलेली सहा मिनिटांची चाल आहेच. दवाखान्यात ती तीस मीटरच्या सपाट पट्ट्यावर घेतात आणि किती मीटर चाललात ते लिहून ठेवतात.