पुस्तकी मूल्य रुपये तीनशे

घसारा हा विषय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास फार लवकर भेटतो आणि नोकरीत तर तो कायमचाच सोबती होतो. घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोटारगाडीवर १५ टक्के घसारा आकारला, तर दहा लाखांची गाडी दहा वर्षांनी पुस्तकात सुमारे १ लाख ९७ हजारांची उरते. हेच गणित चिकाटीने पुढे नेले, तर पन्नासाव्या वर्षी तिचे मूल्य तीनशे रुपयांच्या आसपास येते. गंमत अशी की, ज्या वर्षी आपली खतावणी या गाडीला तीनशे रुपयांची ठरवते, नेमक्या त्याच वर्षी भारत सरकारचा नियम तिला ‘व्हिंटेज’ म्हणावयास तयार होतो. वस्तू तीच, वय तेच. मात्र एका हिशेबात ती भंगार आणि दुसऱ्या हिशेबात वारसा. या दोन हिशेबांमधली वाट ज्या मंडळींनी स्वखर्चाने आणि स्वकष्टाने चालायची ठरवली, त्यांच्या छंदाविषयी हा लेख आहे.

महाराष्ट्रातून बदली होऊन दिल्लीत आलेल्या आमच्यासारख्यांना या छंदाची पहिली ओळख बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस होते. ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ मध्ये दिल्लीत जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. गाड्यांच्या वेगाशी तिचा संबंध नाही. गाडी स्वतःच्या बळावर ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत कापते काय आणि तिचे सारे भाग तिच्या जन्मकाळचेच आहेत काय, एवढेच तेथे पाहिले जाते. हॉर्न, दिवे, आसनाचे कापड, एवढेच काय पण नटबोल्टसुद्धा परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाहीत. या मेळ्यातील सर्वांची लाडकी मानकरी खाजगी मालकीची नाहीच. ती आहे चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातील ‘जॉन मॉरिस’ नावाची अग्निशमन गाडी. १९१४ साली इंग्लंडमध्ये बनलेली ही गाडी एकेकाळी निजामाच्या रेल्वेच्या सेवेत होती. शंभरी ओलांडलेले हे यंत्र रस्त्यावर येते, तेव्हा आजूबाजूच्या नव्या कोऱ्या गाड्यांतील माणसे काच खाली करून पाहतात.

रॅलीखेरीज ज्यांना हा विषय निवांतपणे पाहावयाचा असेल, त्यांनी हरियाणातील तावडू येथील हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमची एक फेरी अवश्य करावी. तरुण ठकराल यांच्या संग्रहातून उभे राहिलेले हे संग्रहालय २०१३ मध्ये खुले झाले. पालखी, टांगा, आगगाडीचा डबा, विमान आणि मोटारी असा वाहतुकीचा सारा प्रवास तेथे एका छपराखाली आहे. मुलांना न्यावे, मोठेच जास्त वेळ रेंगाळतात असा अनुभव येईल.

या गाड्या आल्या कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे निम्मे उत्तर संस्थानिकांच्या मोटारखान्यांत सापडते आणि निम्मे मुंबईत. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डही त्याच सुमारास आली. पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ व नंतर फियाट बाहेर पडू लागल्या. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा अनेक मोटारखाने रिकामे झाले. मोठाल्या गाड्या मिळेल त्या भावाने विकल्या गेल्या. कितीतरी परदेशी गेल्या. १९७२ मध्ये सरकारने अशा गाड्यांच्या निर्यातीस बंदी घातली नसती, तर आज आपल्याला त्या छायाचित्रांतच पाहाव्या लागल्या असत्या.

येथे थोडे अमेरिकेकडे वळणे आवश्यक आहे, कारण जुनी गाडी आयुष्यभर हाताळत बसण्याच्या छंदाची दुसरी एक तऱ्हा तेथे रुजली. फोर्डने १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरांचे ‘व्ही-८’ इंजिन बसवले. कॅलिफोर्नियातील तरुणांनी या स्वस्त जुन्या फोर्ड विकत घ्याव्यात, मडगार्ड काढून टाकावेत, छत ठोकून खाली आणावे, इंजिनाची ताकद वाढवावी आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर त्या पळवाव्यात, असे सुरू झाले. याच गाड्यांना ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. युद्धावरून परतलेल्या, यंत्रे हाताळण्यात तरबेज झालेल्या सैनिकांनी हा छंद वाढवला आणि जानेवारी १९४८ मध्ये तर त्याच नावाचे मासिकही निघाले. हॉट रॉड बांधणाऱ्याच्या लेखी जुनी गाडी म्हणजे कच्चा माल. तिला स्वतःच्या कल्पनेप्रमाणे घडवण्यातच त्याचा आनंद आहे.

आपल्याकडे या वृत्तीचा जवळचा नातलग शोधायचा तर हरियाणातील मंडी डबवालीस जावे लागेल. तेथील मिस्त्री जुन्या जीपचे सुटे भाग जोडून हव्या त्या रूपातली जीप उभी करण्यासाठी उत्तर भारतात प्रसिद्ध आहेत. परंतु कायदा या कलेवर प्रसन्न नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत नोंदणीच्या नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्यामुळे दिल्लीचा छंदिष्ट हा हॉट रॉडवाल्याच्या नेमका उलट टोकाला उभा असतो. त्याला गाडीवर स्वतःची कोणतीही खूण सोडायची नसते. माझ्या मते हे अधिक अवघड व्रत आहे. स्वतःची हौस भागवण्यापेक्षा, सत्तर वर्षांपूर्वी कोणा अनोळखी अभियंत्याने काय योजले होते हे ओळखून तसेच करणे, यात संयम फार लागतो.

कामाची सुरुवात मोडतोडीने होते. गाडी संपूर्ण उघडली जाते. प्रत्येक भागाला चिठ्ठी, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र, डबे, पिशव्या, वह्या. ही शिस्त ज्याने पाळली नाही, त्याची गाडी वर्षानुवर्षे खोक्यांतच राहते. युद्धपूर्व काळातील अनेक गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. इंग्लंडमध्ये त्यासाठी ॲश वृक्षाचे लाकूड वापरीत. इकडे ते कुजले की सागवान कामी येते. म्हणजे मोटार दुरुस्तीसाठी पहिला माणूस लागतो तो सुतार! दिल्लीचा उन्हाळा लाकूड आकसवतो, पावसाळा फुगवतो, त्यामुळे सांधा किती घट्ट ठेवावा हे पुस्तकातून कळत नाही.

त्यानंतर डेंटर. आज अपघातग्रस्त गाडीचा दरवाजा बदलून नवा लावतात. बाजारात तयार मिळतो. १९३८ च्या गाडीचा दरवाजा कोठून आणणार? सपाट पत्रा घेऊन, वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकत ठोकत त्याला बाक द्यावा लागतो. पत्रा किती ताणला म्हणजे तो फाटेल, हे कारागीर आवाजावरून ओळखतो.

इंजिनाची कथा आणखी निराळी. जुन्या इंजिनांत आजच्यासारखे तयार बेअरिंग नसतात. कथिल, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्रधातू, ज्याला व्हाइट मेटल म्हणतात, तो वितळवून जागेवर ओततात. मग तो लेथवर कातून, शाफ्टला निळा रंग लावून, जेथे रंग लागेल तेथे हाताने खरवडत खरवडत बसवतात. एक कण जास्त गेला तर सारे पुन्हा. हे काम मनापासून करणारे हात आता मोजकेच आहेत आणि त्यांची मुले या धंद्यात उतरतीलच असे नाही. गाड्या जपल्या जातील, पण त्या जपण्याची विद्या जपली जाईल काय, ही चिंता या वर्तुळात सतत ऐकू येते.

सुट्या भागांसाठी काश्मिरी गेटचा बाजार आणि मायापुरीतील भंगाराच्या गल्ल्या ही या मंडळींची तीर्थक्षेत्रे. जे मिळत नाही ते लेथवर घडवायचे किंवा परदेशातून मागवायचे. ब्रिटिश गाडीचे पाने अमेरिकन गाडीला लागत नाहीत आणि आजचे मिलिमीटरचे पाने बहुधा दोघींनाही लागत नाहीत. सहा व्होल्टची वीज, कुठे धन अग्र गाडीच्या सांगाड्याला जोडलेले, अशा खोड्या वेगळ्याच.

इंधनानेही परीक्षा पाहिली आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे. त्याने इंजिनातील झडपांच्या बैठकी झिजत नसत. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. आरोग्याच्या दृष्टीने ते उत्तमच झाले. पण जुन्या इंजिनांत कठीण धातूच्या बैठकी बसवणे भाग पडले. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ते जुन्या धाटणीच्या रबरी नळ्या आणि बुचाच्या गॅस्केटांना मानवत नाही, शिवाय पाणी शोषून घेते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीस त्यामुळे गंज धरण्याची भीती. जाणकार मालक नळ्या बदलून घेतात आणि टाकी भरून ठेवण्याऐवजी लागेल तेवढेच पेट्रोल घालतात.

वाचकांपैकी अनेकांना प्रश्न पडला असेल की, हे सारे परवडते कसे. बँकेच्या भाषेत बोलायचे तर हा व्यवहार गुंतवणूक म्हणून पाहू नये. गाडीच्या विमा मूल्यासाठी घसाऱ्याचा तक्ता पाच वर्षांपर्यंतच चालतो. त्यापुढे मूल्य विमेदार आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात तर ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या, प्रमाणित जुन्या गाड्यांसाठी सवलतीची तरतूद होती. जीर्णोद्धाराची बिले आणि छायाचित्रे जपून ठेवणारा मालक मूल्य ठरवताना भक्कम बाजू मांडू शकतो, हे लक्षात असू द्यावे.

प्राप्तिकराचीही एक मेख आहे. नित्याच्या वापरातील मोटार ही ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ असल्याने तिच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही. मुंबईतील एका गृहस्थांनी १९८३ मध्ये २० हजार रुपयांस घेतलेली १९३१ ची फोर्ड पुढे २१ लाखांस विकली आणि हीच सवलत मागितली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. गाडी प्रत्यक्ष वैयक्तिक वापरात होती हे सिद्ध झाले नाही, सबब नफा करपात्र, असा निर्णय २०२५ मध्ये झाला. गाडी नुसती झाकून ठेवू नये, अधूनमधून चालवावी, असे मिस्त्री इंजिनाच्या हितासाठी सांगतात. येथे तेच कराच्या हिताचेही ठरले असते.

परंतु राजधानी क्षेत्रातील खरा प्रश्न पैशाचा नाही, वर्षांचा आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ व २०१५ मधील आदेशांनी येथे १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्या रस्त्यावरून हटवण्यात आल्या; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केले. ऑगस्ट २०२५ मध्ये कारवाईस मिळालेली स्थगिती डिसेंबरमध्ये भारत स्टेज चार आणि त्यापुढील वाहनांपुरती मर्यादित झाली. दुसरीकडे, केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, खाजगी वापराच्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. अट अशी की चेसिस, बॉडीचे कवच किंवा इंजिन यांत फेरबदल झालेला नसावा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल, इंधन भरणे यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज कार्यालयात नेता येत नाही.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पंधरा आणि पन्नास. पंधराव्या वर्षी गाडी नकोशी होते, पन्नासाव्या वर्षी ती वारसा ठरते. मधल्या पस्तीस वर्षांत ती जगवायची कोणी आणि कोठे? दिल्लीची हवा आम्हीही श्वासात घेतो. नोव्हेंबरमधील आकाश पाहिल्यावर धूर ओकणाऱ्या गाड्यांची वकिली करवत नाही. तथापि वर्षातून शे-दोनशे किलोमीटर चालणारी जपलेली गाडी आणि रोज शहर पालथे घालणारी जीर्ण गाडी यांना एकाच मापाने मोजणे योग्य वाटत नाही. सध्या अनेक मालक ना हरकत प्रमाणपत्र घेऊन गाडी क्षेत्राबाहेरच्या राज्यात नेऊन ठेवतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या गाड्या भंगारात जातात.

राजधानी क्षेत्राची स्वतःची अशी गाडी म्हणजे गुडगावच्या कारखान्यातून निघालेली मारुती ८००. पहिल्या गाडीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हरपाल सिंग यांच्या हाती दिली होती. त्यांच्या निधनानंतर ती गाडी कंपनीने मूळ रूपात परत आणली आणि २०२२ मध्ये दिल्लीतील आपल्या मुख्यालयात मांडली. ती तेथे उभी आहे. वयोमर्यादेमुळे दिल्लीच्या रस्त्यावर तिला चालता येत नाही. नियमाने तिला व्हिंटेज म्हणावयास २०३३ उजाडावे लागेल.

आपल्या घरी, गावच्या वाड्यात किंवा सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये एखादी पद्मिनी, ॲम्बेसेडर वा स्टँडर्ड हेराल्ड उभी असेल, तर यंत्राकडे वळण्यापूर्वी कागद शोधावेत. व्हिंटेज नोंदणीसाठी नमुना २० मधील अर्ज, विमापत्र आणि जुने नोंदणी पुस्तक लागते. शुल्क २० हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षे टिकते. नोंदणी पुस्तकावर कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा तसाच राहून गेलेला असतो, ही फार नेहमीची अडचण आहे. कर्ज चाळीस वर्षांपूर्वी फिटलेले असले तरी नमुना ३५ सादर झाल्याखेरीज तो बोजा उतरत नाही. कर्ज ज्या शाखेने दिले होते तिचे नाव, खाते क्रमांक किंवा जुनी पावती, जे हाती लागेल ते घेऊन शाखेत यावे. शाखा विलीन झाली असली तरी तिचे दप्तर कोणत्या शाखेकडे गेले, हे तेथे विचारून घ्यावे.